मुद्देमालातून गायब झालेला कापडाचा तुकडा: पुरावा दडवल्याबद्दलच्या एका भरपाई दाव्याचा अभ्यास

फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांनी आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवून ठेवला आणि त्यामुळे निर्दोष माणूस तुरुंगात गेला, तर सुटल्यावर त्याने भरपाई कोणाकडे मागायची? अमेरिकेत या प्रश्नावर बराच चर्चिला गेलेला निकाल लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका प्रकरणात लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो २९ मार्च २०११ रोजी दिला. त्या दाव्याची ही साद्यंत हकिगत आहे. खासगी व्यक्तींची नावे इथे वगळली आहेत. ज्याने दावा लावला त्याला सगळीकडे ‘वादी’ म्हटले आहे.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९८४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये एका हॉटेल व्यावसायिकाचा गोळ्या झाडून खून झाला. घराणे नावाजलेले होते, त्यामुळे शहरात मोठी खळबळ उडाली. मृताच्या कुटुंबाने माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. जानेवारी १९८५ मध्ये पोलिसांनी दोघांना अटक केली. त्यातला एक म्हणजे वादी. वय २२, कृष्णवर्णीय, दोन मुलांचा बाप. दुसऱ्या आरोपीने स्वतःला सवलत मिळावी म्हणून वादीविरुद्ध साक्ष द्यायचे कबूल केले.

वादीचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. खुनानंतर काही आठवड्यांतच तीन भावंडांना बंदुकीच्या धाकाने लुटण्याचा प्रयत्न झाला होता. त्यांच्या वडिलांनी हा फोटो मुलांना दाखवला आणि ‘हाच तो’ असे मुलांनी सांगितले. अशी ओळख किती भरवशाची, हे ओळख परेडचे नियम माहीत असलेल्या कोणालाही कळेल. आता वादीवर दोन गुन्हे झाले: खून आणि सशस्त्र लूट.

लुटीच्या झटापटीत लुटारूला जखम झाली होती आणि त्याचे रक्त एका भावाच्या पँटला लागले होते. पोलिसांच्या तंत्रज्ञाने तो डाग असलेला कापडाचा तुकडा कापून मुद्देमालात जमा केला. पुढची सगळी कथा या तुकड्याभोवती फिरते.

उलटा लावलेला क्रम

पहिला महत्त्वाचा निर्णय सरकारी पक्षाचा होता. खून आधी घडला होता, पण त्यांनी लुटीचा खटला आधी चालवायचे ठरवले. त्यामागचे गणित सरळ होते. लुटीत शिक्षा लागली की वादी खुनाच्या खटल्यात स्वतः साक्षीला उभा राहू शकणार नव्हता, कारण उभा राहिला तर उलटतपासणीत आधीची शिक्षा ज्युरीसमोर, म्हणजे निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासमोर, आली असती. शिवाय तीच शिक्षा मृत्युदंड मागताना कामी येणार होती.

झालेही तसेच. एप्रिल १९८५ मध्ये लुटीसाठी ४९ वर्षांहून अधिक शिक्षा झाली, तीही पॅरोलशिवाय. मे महिन्यात खुनाचा खटला चालला. वादी साक्षीला उभा राहिला नाही, त्यामुळे बंदूक आणि मृताची अंगठी वादीकडे कशी आली, हे दुसऱ्या आरोपीच्या साक्षीविरुद्ध सांगायला कोणी उरलेच नाही. शिक्षेच्या टप्प्यावर सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितले की हा माणूस लुटीसाठी तसाही जन्मभर आत राहणार आहे, मग खुनाची शिक्षा म्हणून मृत्युदंडाखेरीज उरतेच काय? ज्युरीने मृत्युदंड दिला.

काय दडवले गेले

लुटीचा खटला सुरू होण्याच्या दोन दिवस आधी प्रयोगशाळेचा अहवाल सरकारी वकिलांच्या हाती आला होता. लुटारूचा रक्तगट बी. वादीचा रक्तगट ओ. म्हणजे त्या एका कागदाने लुटीचा खटला तिथल्या तिथे संपला असता. अहवाल बचाव पक्षाला दिला गेला नाही. वादीचा रक्तगट तपासण्याची तसदीही सरकारी पक्षाने घेतली नाही.

खटल्याच्या पहिल्या दिवशी सकाळी एका कनिष्ठ सरकारी वकिलाने पोलिसांच्या मुद्देमाल कक्षातून सगळा मुद्देमाल सही करून उचलला आणि न्यायालयाच्या मुद्देमाल कक्षात जमा केला. त्यातला कापडाचा तुकडा मात्र जमा झाला नाही. तो पुन्हा कधी सापडलाही नाही.

खुनाच्या खटल्यातही बरेच काही मागे ठेवले गेले. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांना सांगितलेला मारेकरी सहा फूट उंच आणि बारीक केस कापलेला होता. वादीची उंची पाच फूट आठ इंच, आणि डोक्यावर भरघोस कुरळे केस. वर्णन दुसऱ्या आरोपीशी जुळत होते. एका खबऱ्याचे बक्षिसाबाबत मृताच्या कुटुंबाशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित होते. तेही बचाव पक्षाला मिळाले नाही.

१९६३ सालच्या ब्रॅडी निकालाने अमेरिकेत नियम घालून दिला आहे की आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने त्याला दिलाच पाहिजे. १९७२ मध्ये हाच नियम साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणाऱ्या माहितीलाही लागू झाला. म्हणजे १९८५ मध्ये हा नियम नवा राहिलेला नव्हता.

पाच वर्षांचे मौन

१९९४ मध्ये तो कनिष्ठ वकील कर्करोगाने मृत्युशय्येवर होता. रक्ताचा पुरावा आपण जाणूनबुजून दडवला, असे त्याने आपल्या एका मित्राला सांगितले. मित्रही वकील, आणि पूर्वी त्याच कार्यालयात काम केलेला. वादी तेव्हा लुईझियानातल्या अंगोला तुरुंगात मृत्युदंडाच्या कोठडीत होता. मित्राने पाच वर्षे कोणालाच काही सांगितले नाही.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा निर्णय हाच वाटतो. पुरावा दडवणाऱ्याने निदान मरताना तोंड उघडले. ऐकणाऱ्यापुढे मात्र न्यायाधीश होते, बचाव पक्षाचे वकील होते, वकील परिषद होती. कोणाकडेही जायला त्याला एक पत्र पुरले असते. २००५ मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला शिस्तभंगाबद्दल जाहीर समज दिली. त्यापलीकडे काही झाले नाही.

सुटका

फिलाडेल्फियातल्या एका लॉ फर्मचे दोन वकील १९८८ पासून हे प्रकरण विनामोबदला लढत होते. सगळी अपिले संपली. मृत्युदंडाची तारीख ठरली, २० मे १९९९. दुसऱ्या दिवशी वादीच्या धाकट्या मुलाचा शाळेचा पदवीदान समारंभ होता. तारखेला महिनाभर उरला असताना वकिलांनी नेमलेल्या तपासनिसाला पोलिसांच्या प्रयोगशाळेत तो जुना अहवाल मायक्रोफिशवर, म्हणजे कागदांच्या सूक्ष्म छायाप्रती असलेल्या फिल्मवर, सापडला. वादीचा रक्तगट तपासला गेला: ओ. मग मित्रानेही तोंड उघडले आणि प्रतिज्ञापत्र दिले.

लुटीची शिक्षा रद्द झाली, मृत्युदंडाला स्थगिती मिळाली. खुनाची शिक्षा मात्र उभीच होती. २००२ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण लुटीच्या चुकीच्या शिक्षेमुळे वादीचा साक्ष देण्याचा हक्क हिरावला गेला होता. २००३ मध्ये खुनाचा खटला नव्याने चालला. या वेळी वादी साक्षीला उभा राहिला आणि दडवलेले कागद ज्युरीसमोर आले. ज्युरीने ३५ मिनिटांत त्याला निर्दोष ठरवले. एकूण १८ वर्षे तुरुंगात गेली होती, त्यातली १४ मृत्युदंडाच्या कोठडीत.

दावा कोणावर लावायचा: तपासलेले पर्याय

अमेरिकेत सरकारी अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडला तर भरपाई मागण्याचा रस्ता १८७१ च्या नागरी हक्क कायद्यातून जातो. त्याचे कलम आज १९८३ या क्रमांकाने ओळखले जाते. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी ते आले. कलमाची भाषा व्यापक आहे. न्यायालयांनी त्यात घातलेल्या अटींनी मात्र बहुतेक दारे बंद झाली आहेत, आणि वादीच्या वकिलांना ती एकेक करून तपासावी लागली.

पहिले दार म्हणजे पुरावा दडवणारे वकील स्वतः. १९७६ च्या एका निकालाप्रमाणे खटला चालवण्याच्या कामाबद्दल सरकारी वकिलावर भरपाईचा दावा लावताच येत नाही. हे संरक्षण पूर्ण आहे, अगदी त्याने जाणूनबुजून पुरावा दडवला असला तरीही. कारण असे दिले जाते की, नाहीतर प्रत्येक आरोपी सरकारी वकिलाला कोर्टात खेचेल. हे दार बंदच होते.

दुसरे दार राज्य सरकार. या कलमाखाली राज्यावर दावा चालत नाही.

तिसरे दार स्थानिक संस्था, म्हणजे इथे डिस्ट्रिक्ट ॲटर्नीचे (तिथल्या मुख्य सरकारी वकिलाचे) कार्यालय. हे पद निवडणुकीने भरले जाते आणि न्यू ऑर्लिन्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००३ पर्यंत त्यावर हॅरी कॉनिक होते. १९७८ च्या निकालाने स्थानिक संस्थेवर दावा लावता येतो, पण नोकराने चूक केली म्हणून मालक जबाबदार, एवढ्यावर नाही. संस्थेचे अधिकृत धोरण किंवा रूढ झालेली पद्धत त्या हक्कभंगाला कारण झाली, हे सिद्ध करावे लागते.

तिसऱ्या दारातून आत जायला दोन वाटा होत्या. एक, दडवणूक हेच कार्यालयाचे धोरण होते असे म्हणणे. दुसरी, कार्यालयाने आपल्या वकिलांना ब्रॅडीचा नियम शिकवलाच नाही आणि हे हेतुपुरस्सर बेपर्वाईने केले, असे म्हणणे. प्रशिक्षणाच्या वाटेला १९८९ च्या एका निकालाचा आधार होता. त्यात न्यायालयाने सुचवले होते की काही वेळा एकच घटनाही पुरेशी ठरू शकते. उदाहरण दिले होते हाती बंदूक दिलेल्या, पण ती कधी चालवायची हे न शिकवलेल्या पोलिसाचे.

वकिलांनी दोन्ही वाटा धरल्या. माझ्या मते ते बरोबरच होते. पण दोन वाटा एकमेकींच्या पायात येतात. ‘हे मुद्दाम करायचे’ आणि ‘यांना शिकवलेच नव्हते’ या दोन गोष्टी एकाच ज्युरीला पटवायला गेले की एक फिकी पडते.

ज्युरीसमोर

२००७ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयात खटला चालला. प्रयोगशाळेचा अहवाल न देणे हा ब्रॅडीचा भंग होता, हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केले. वरवर पाहता ही वादीच्या बाजूची मोठी कमाई होती. पुढे सर्वोच्च न्यायालयात मात्र ‘भंग’ म्हणजे फक्त हाच एक कागद, असे धरले गेले आणि खुनाच्या खटल्यातली दडवणूक बाजूला पडली. कबुली कधी जखडूनही ठेवते, म्हणून तिचे शब्द लिहितानाच हे पाहायला हवे.

साक्षींतून कार्यालयाचे आतले चित्र बाहेर आले. वकील बहुतेक नुकते पदवी घेऊन आलेले. ब्रॅडीच्या नियमाचे वेगळे प्रशिक्षण नाही. १९८७ च्या कार्यालयीन नियमपुस्तिकेत ब्रॅडीवर फक्त चार वाक्ये. डिस्ट्रिक्ट ॲटर्नीने स्वतः सांगितले की निवडून आल्यावर आपण कायद्याची पुस्तके आणि निकाल वाचणे सोडून दिले. नियम नेमका काय मागतो याबद्दल कार्यालयातल्या वकिलांची समज एकसारखी नव्हती.

ज्युरीने ‘दडवणूक हे अधिकृत धोरण होते’ हे अमान्य केले. ‘प्रशिक्षण देण्यात हेतुपुरस्सर बेपर्वाई केली’ हे मान्य केले. भरपाई ठरली १ कोटी ४० लाख डॉलर, आणि त्यावर वकिलांचा खर्च १० लाख डॉलरच्या वर. पाचव्या विभागीय अपील न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल कायम केला. मग पूर्ण पीठापुढे सुनावणी झाली तेव्हा मते समसमान पडली, म्हणून खालचा निकाल टिकला.

सर्वोच्च न्यायालय

पाच विरुद्ध चार मतांनी भरपाई रद्द झाली. बहुमताचा निकाल न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. त्यांचा मुद्दा असा: पोलिसाला संविधान शिकवावे लागते, पण वकील कायद्याच्या महाविद्यालयात शिकलेला असतो, बारची परीक्षा पास झालेला असतो, व्यावसायिक नीतीला बांधलेला असतो. तो कायदा शोधू आणि वाचू शकतो. म्हणून वकिलाच्या बाबतीत एका घटनेवरून प्रशिक्षणाची बेपर्वाई धरता येत नाही. तशाच प्रकारच्या भंगांची मालिका दाखवावी लागेल.

मालिका होती का? वादीच्या लुटीच्या खटल्याआधीच्या १० वर्षांत लुईझियानाच्या न्यायालयांनी याच कार्यालयाने मिळवलेल्या चार शिक्षा ब्रॅडीच्या भंगामुळे रद्द केल्या होत्या. बहुमताने सांगितले की त्या चारांपैकी एकाही प्रकरणात रक्ताचा किंवा प्रयोगशाळेचा पुरावा दडवलेला नव्हता, म्हणून त्या पुरेशा सारख्या नाहीत. न्या. अँटोनिन स्केलिया यांनी बहुमताशी सहमतीच्या वेगळ्या जोडनिकालात म्हटले की हा एका वाईट हेतूच्या वकिलाचा उद्योग होता, प्रशिक्षणाने तो थांबला नसता.

न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्र भर न्यायालयात वाचून दाखवले. असे क्वचितच होते. ब्रेयर, सोटोमायर आणि केगन त्यांच्यासोबत होते. त्यांनी एका कागदाऐवजी दोन्ही खटल्यांतली सगळी दडवणूक एकत्र मांडली आणि दाखवले की यात एकच माणूस नव्हता, अनेक सरकारी वकिलांच्या हातून कागद गेले होते. लुईझियानात त्या काळी वकिलांना चालू शिक्षणाची सक्तीही नव्हती, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. म्हणजे ‘व्यवसायच त्यांना शिकवतो’ या गृहीतकाखाली ठोस जमीन नव्हती.

बहुमताच्या नियमाबद्दल माझा आक्षेप पुरावा दडवण्याच्या स्वभावाशी जोडलेला आहे. पोलिसाने मारहाण केली तर जखमी माणूस समोर असतो. दडवलेला कागद मात्र ज्याच्यापासून दडवला त्याला आहे हेच माहीत नसते. या प्रकरणातला अहवाल १४ वर्षांनी, तोही मृत्युदंडाच्या तोंडावर सापडला. अशा गोष्टींची उघड झालेली मालिका मागायची, आणि वर ती एकाच प्रकारच्या पुराव्याची हवी म्हणायचे, याचा अर्थ जे कार्यालय चांगले दडवते त्याच्यावर जबाबदारी येणे सर्वात अवघड.

न्यू ऑर्लिन्समध्ये तर मालिका शोधायला दूर जावे लागत नाही. १९९५ मध्ये याच कार्यालयाच्या एका मृत्युदंडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दडवणुकीमुळे शिक्षा रद्द केली होती. जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे वादीच्या निकालानंतर दहा महिन्यांत, आठ विरुद्ध एक मतांनी याच कार्यालयाची आणखी एक शिक्षा त्याच कारणाने रद्द झाली. तोपर्यंत वादीचा दावा संपलेला होता.

परिणाम

वादीला या दाव्यातून एक डॉलरही मिळाला नाही. एकाही सरकारी वकिलावर या दडवणुकीसाठी फौजदारी खटला चालला नाही. १९९९ मध्ये डिस्ट्रिक्ट ॲटर्नीने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) चौकशी सुरू केली होती, ती त्यांनीच एका दिवसात थांबवली. वादीने २००७ मध्येच निर्दोष सुटलेल्यांना घर, काम आणि आधार मिळवून देणारी संस्था न्यू ऑर्लिन्समध्ये उभी केली होती. निकालानंतरही तो तिच्यातून काम करत राहिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय ५५.

आपल्याकडचा एक धागा

हे वाचताना मराठी वाचकाला महाराष्ट्रातले एक प्रकरण आठवावे. २००३ मधल्या एका खूनखटल्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी उचलून धरली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या उरलेल्या तिघांनाही फाशीच सुनावली. पुढे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. एका प्रत्यक्षदर्शीने पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चार जणांना ओळखले होते, तरी त्या दिशेने तपास झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला महाराष्ट्र सरकारला सांगितले. इथे वेगळा दावा, वेगळी ज्युरी, ‘धोरण की प्रशिक्षण’ हा वाद असे काही लागले नाही. निर्दोष ठरवणाऱ्या पीठानेच भरपाईचा आदेश दिला. रक्कम अपुरी आहे आणि असा आदेश हक्काने मिळत नाही, तो पीठाच्या मनावर असतो. तरी अमेरिकेत जे दार वादीसाठी बंद होते ते इथे एका आदेशाने उघडले, हे नोंदवायला हवे.

पुराव्याच्या बाबतीत मात्र आपला नियम बराच काळ अर्धाच राहिला. सरकारी पक्ष ज्यावर विसंबतो ते कागद आरोपीला मिळतात. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार ते १४ दिवसांत द्यायचे असतात. ज्यावर पोलीस विसंबत नाहीत, आणि आरोपीच्या फायद्याचे काही असेल तर नेमके त्यातच असते, त्याची निदान यादी तरी द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सांगितले.

वेगळे काय करता आले असते

दाव्याच्या मांडणीत दोन बदल मला महत्त्वाचे वाटतात. पहिला, कबुलीत दोन्ही खटल्यांतली दडवणूक एकत्र गुंफायला हवी होती, म्हणजे ‘फक्त प्रयोगशाळेचा अहवाल’ हा अरुंद चौकोन तयार झाला नसता. दुसरा, प्रशिक्षणापेक्षा शिस्तीवर भर. वकिलाला कायदा माहीत असतो हे मान्य केले, तरी कायदा मोडणाऱ्याला कार्यालयाने कधी जाब विचारला का, हा प्रश्न उरतो. चार शिक्षा रद्द झाल्यावर कोणाची कानउघाडणी झाली, कोणाला कामावरून काढले, हे विचारले तर बहुमताचा ‘वकील शिकलेले असतात’ हा मुद्दा वादीच्या बाजूने वळतो.

न्यूयॉर्कमध्ये पुढे हीच वाट चालली. २०१९ मध्ये दुसऱ्या विभागीय अपील न्यायालयाने क्वीन्सच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीच्या कार्यालयाबाबत शहरावरचा एक दावा पुन्हा जिवंत केला. साक्षीदारांना स्थलांतरासाठी दिलेल्या पैशांची माहिती खटला चालवणाऱ्या वकिलापर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था त्या कार्यालयात होती. वादीच्या वकिलांनी ती कार्यालयातल्याच माणसाच्या साक्षीतून बाहेर काढली. मालिका शोधत बसण्यापेक्षा धोरण थेट दाखवता आले, की दावा ज्युरीपर्यंत जातो.

विधिमंडळांच्या हातातला उपाय याहून सोपा आहे. नॉर्थ कॅरोलिनाने २००४ मध्ये आणि टेक्सासने २०१३ मध्ये कायदा करून सरकारी पक्षाची फाइल बचाव पक्षाला खुली करायला लावली. टेक्सासचा कायदा जवळजवळ २५ वर्षे निर्दोष तुरुंगात काढलेल्या एका माणसाच्या प्रकरणातून आला. त्याच प्रकरणातल्या सरकारी वकिलाला, जो पुढे न्यायाधीश झाला होता, २०१३ मध्ये १० दिवसांची कैद झाली आणि वकिलीची सनद सोडावी लागली. खुल्या फाइलचा नियम १९८५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये असता, तर बी गटाचा तो अहवाल खटल्याआधी दोन दिवस बचाव पक्षाच्या टेबलावर असता.